टँकरची खोली

(शहागंजाजवळच्या दवाखान्याचा व्हरांडा. भरदुपार. आत यमुनाबाई, खुब्यात रॉड घातलेला. बाहेर बाकावर त्यांची गावाकडची लेक तनुजा आणि वाळूजला कॉम्प्युटरच्या कामावर असलेला धाकटा लेक सोमनाथ.)

तनुजा : ...अन् आपले आप्पा हौदावरून वरडायचे, "आधी मुक्याला पाजा, मंग लेकराला, धन्याचं तोंड सगळ्याच्या मागं!" अजून कानात बसलाय तो आवाज. तू कठड्यावर पाय हालवत बसायचा.

सोमनाथ : आठवतं, आक्का.

तनुजा : मंग तुमच्या मशिनीत कोनाला आधी पाजत्यात?

सोमनाथ : तसं नसतं गं. सर्व्हर म्हणजे एकच मोठं यंत्र, त्याच्या आत चार खोल्या पाडलेल्या. तीन कारखान्यांच्या, चौथी गावाच्या पाण्याच्या टँकरची, भरण्याची चिठ्ठी तिच्यातनंच सुटते. लाईट जाऊन आली की कुठली खोली आपोआप उठायची अन् कुठली कुणी उठवेपर्यंत पडून राहायची, ते आधीच ठरवून ठेवावं लागतं.

तनुजा : टँकरची आपोआप उठती?

सोमनाथ : नाय. हातानं उठवावी लागते.

तनुजा : कामून? तिचाबी खुबा मोडलाय?

सोमनाथ : चारी एकदम उठल्या की यंत्र धापा टाकतं.

तनुजा : अन् गावानं टाकल्या त्या? लाईट जाऊन आली तवापासून तीन रोज टँकरवाल्या कचरूच्या मोबाइलवर चिठ्ठी आली नाय. चिठ्ठीबिगर भरणा नाय. रिकामा टँकर घेऊन उभा ऱ्हायला बिचारा फाटकावर. चौथ्या रोजी आई घागर घेऊन गायरानातल्या विहिरीत उतरली. शहात्तर वर्षांची बाई. पायरी निसटली.

सोमनाथ : माहितंय मला.

तनुजा : गाव शहरात घेतलं म्हनत्यात. पाटी आली, नळ काय आला नाय. बरं, ते 'हातानं' कोनी ठरवलं?

सोमनाथ : वरून हुकूम होता. वैजनाथ साहेबांचा.

तनुजा : साहेब सकाळीच येऊन गेला, मोसंब्या घेऊन. म्हनला, ताई, मी तर चारी आपोआप ठेवा म्हनलो व्हतो. तुमच्या भावालाच विचारा.

सोमनाथ : ...मीच केलं. पाच वर्षं झाली, मला नोकरीत कायम करीनात. रोज नवीन पोरं भरती. म्हटलं, एक तरी खोली अशी ठेवावी, जी माझ्याबिगर उठणार नाय. पासवर्डबी माझ्यापाशीच ठेवला.

तनुजा : ठेवला ना? मंग उठवायची व्हती! कुठं गेलता तू?

सोमनाथ : देवदर्शनाला जातो म्हणून रजा घेतली. वाळूजच्या बजाजनगरातच होतो, माझ्या भाड्याच्या खोलीवर.

तनुजा : अन् तुला कोनी कळवलं नाय? सोमा, मह्याकडं बघ.

सोमनाथ : फोन येत होते. वाजू दिले. म्हटलं, कळू द्या जरा, माझ्यावाचून काय अडतं ते.

तनुजा : साहेबाचे?

सोमनाथ : साहेबाचे. अन् तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, आईचा एक.

तनुजा : काय म्हनली?

सोमनाथ : उचलला नाय, आक्का.