गेटवरची खुर्ची

राव, परवा शेजारच्या मुक्तानं मला आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला. पोरगी वकिलीला आहे. कॉलेजात तिचं भाषण होतं, त्याचा सराव करायचा होता, आणि दिवसा आमच्या मजल्यावर ऐकायला रिकामा मी एकटाच.

ती म्हणाली, "काका, समजा एक छोटा देश जागतिक न्यायालयात मोठ्या देशाविरुद्ध जिंकला. पण मोठ्यानं निकाल मानलाच नाही."

"मग पोलीस पाठवायचे."

"तिथं पोलीस नसतात, काका. सुरक्षा परिषदेकडे जायचं. पण तिथं पाच बड्यांपैकी एकानं जरी नाही म्हटलं, तरी विषय संपला."

मी उठलो आणि कपाटातला कामगार न्यायालयाचा निकाल तिच्यापुढे ठेवला. 'कामावर परत घ्या' असं त्यात स्वच्छ लिहिलंय. माझ्याबरोबर काढलेल्या सगळ्यांनी तडजोड केली, मी एकटा लढून जिंकलो. तिला सांगितलं, निकाल लागला तेव्हा तो कागद घेऊन चाकणला कंपनीच्या गेटवर गेलो होतो. वॉचमननं तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, "अभिनंदन, भाऊ. पण मला गेट उघडायची ऑर्डर न्हाई."

मुक्तानं विचारलं, "मग काय केलंत?"

"रोज फर्स्ट शिफ्टला जाऊन गेटवर उभा राहायचो. जुने सोबती आधी हात करायचे, नंतर मोबाइलमध्ये बघत आत जायला लागले. शेवटी वॉचमनलाच दया आली. त्यानं बसायला खुर्ची आणून दिली."

मुक्तानं त्या कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. मग हळूच म्हणाली, "काका, संयुक्त राष्ट्रांच्या सभेतही प्रत्येक देशाला खुर्ची मिळते."