कोरडरडू

हॅलो?… हो, उपेंद्र बोलतोय… कोण, श्वेता? बोल की… नाही नाही, झोपलो नव्हतो. बसलो होतो… असाच, खुर्चीत… जेवलो ग. खालच्या अक्कांनी बिसीबेळे भात पाठवला होता. स्वल्प खाल्ला. बाकीचा आहे झाकून.

रविवारचा मुलांचा मराठीचा वर्ग?… नाही, अजून नाही सुरू केला. माझी महानंदा गेल्यापासून… हो, महिना होऊन गेला. मुलं आली होती एकदा. मल्लाप्पानं गेटवरूनच परत पाठवलं… त्याला कशाला बोलतेस? वॉचमन तो. मीच सांगितलं होतं त्याला… अगं, मुलांवर राग कसला? राग नाही. काहीच नाही. तू तुझं काम सांग.

तुझ्या ईरानं?… काय केलं तिनं?… स्टेजवर?… थांब, थांब, सावकाश. मंडळाची कथाकथन स्पर्धा. बरं. मग?… गोष्ट छान सांगितली… हं… पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी टोकलं. कुठल्या शब्दावर?

…

आहे, आहे लाईनवर. ऐकू आलं… कोरडरडू. हो. महानंदाचाच तो.

अगं, झटका आल्यावर तिचं बोलणं गेलं होतं ना, नंतर थोडं थोडं परत आलं, तेव्हाचा. नेहमीचे शब्द सापडायचे नाहीत, मग सापडतील ते दोन जोडून तिसरा करायची. आतून रडू येतंय पण डोळ्यांत पाणीच नाही, असं झालं की म्हणायची, कोरडरडू… मुलं तिच्या कॉटभोवती बसायची, त्यांनी उचलला. कुणी पडलं, दचकलं, रडणं घशात अडकलं, की बाकीची ओरडायची, 'आजी, ह्याला कोरडरडू आलं!'… हो, तेच ते.

मुलांना कसं कळणार, कुठला शब्द जुना आणि कुठला आजीनं काल केलेला? दुकानात कन्नड, शाळेत इंग्रजी. मराठी कानावर पडते ती तुझ्या घरी, नाहीतर माझ्या. आजी बोलली म्हणजे मराठीच असणार… चुकलं कुठं त्यांचं?

मग ईरा काय म्हणाली?… 'शब्द आहे, तुम्हाला येत नसेल'?… परीक्षकांना?… नाही, हसत नाहीये. हसायला हवं होतं, ते कळतंय मला… बरं, अन् ते काय म्हणाले?… शब्द बदल, मग अंतिम फेरीत घेऊ. आणि ही बदलत नाही… तुझ्याशी बोलतही नाही…

मी?… मी काय सांगू तिला?… 'असा शब्द मराठीत नाही' म्हणून?… ऐकेल. माझं ऐकेल ती… सरी, बरं. सांगतो… छे, वाईट कसलं वाटायचं? म्हणजे वाटायला पाहिजे खरं तर… सांगतो म्हटलं ना. दे तिला फोन.

खाली खेळतेय?… बोलाव की. थांबतो मी.

…नाही ग, परीक्षकांना दोष नको देऊ. शब्दकोशात नाही, तर नाही म्हणणार माणूस. पण शब्द काय कोशात जन्मतो? कुणाचं तरी बोलणं अडतं. तो काहीतरी जोडून पुढं ढकलतो. समोरच्याला कळतं. आणि मग तिसराच कुणीतरी तो वापरतो, त्याला पत्ताही नसतो कुणी केला ते. झालं. आला भाषेत… हो, बहुतेक मरतातच. चार घरं फिरतात आणि मरतात… पण लिफ्टचंच बघ ना. महानंदा तिला उभापाळणा म्हणायची. परवा मल्लाप्पा मला म्हणतो, 'सर, उभापाळणा केट्टिदे.'… हो ना! कन्नड माणूस. बिघडलाय, जिन्यानं जा, म्हणत होता. त्याला वाटतं आपण मराठी लोक लिफ्टला तसंच म्हणतो.

…श्वेता? आवाज का असा?… ऑफिसात?… कधी कळलं?… तुझी अख्खी टीम काढून टाकली?… अगं, मग हे आधी नाही का बोलायचं? मघापासून स्पर्धा, स्पर्धा… अजितला सांगितलंस का?… नवऱ्याला नाही सांगायचं तर कुणाला?… हं… हं… ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बसलीस… मग?

…

काय म्हणालीस आत्ता?… नाही, त्याच्या आधी… 'रडताही येईना, नुसतं कोरडरडू'… हो, तूच म्हणालीस. आत्ता, या क्षणी… अगं, माफी कसली मागतेस? चूक काढत नाहीये मी… पुन्हा म्हण… नको. राहू दे. ऐकलं मी.

त्याला दुसरा शब्द होता तुझ्याकडे?… माझ्याकडेही नव्हता. लोक विचारतात, उपेंद्रराव, कसं वाटतंय? मी म्हणतो, बरं आहे. काय सांगणार? दुःख म्हणावं तर तेवढंही काही होत नाही. तिचं पांघरूण घडी करून ठेवलं, तेव्हाही नाही… तेच असणार. कोरडरडूच आलंय मला.

आज अजित घरी आला की सांग त्याला… हो, ह्याच शब्दात सांग. त्याला कळेल. त्याच्या घरात ईरा आहे.

आली का?… दे.

ईरा?… हो, आजोबाच… ऐक. आईनं मला सांगायला सांगितलं होतं की तसा शब्द नाही… अगं ऐक ना पुढं! मी ते सांगणार नाहीये. शब्द आहे… नाही, परीक्षक खोटं नाही बोलले. त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही अजून, एवढंच. आपल्या मल्लेश्वरमहून पुणं लांब आहे… हो, शब्द चालतच जातात. विमान नसतं त्यांना… अंतिम फेरीत घेतील किंवा नाही घेणार. ते त्यांच्या हातात. तू शब्द बदलू नकोस. पण भांडायचं नाही हं. अर्थ सांगायचा. आजी कशी सांगायची, समोरच्याला कळेपर्यंत, परत परत? तसा.

आणखी आहेत?… कुठले?… गारकपाट माहीत आहे मला, फ्रिज… बोलकाच, फोन, हो… हा नाही ऐकला. परत सांग… हातशेजारी? हे कशाला म्हणायची?

…मला?

…कधी? मी तर एकदाही… मी स्वयंपाकघरात गेलो की?… 'हातशेजारी कुठंय?'… मग तुम्ही काय सांगायचात तिला?… 'चहा करतोय, येईल आत्ता.'… हं.

नाही बाळ. माझ्यासमोर कधीच नाही म्हणाली. मी येऊन तिचा हात धरून बसलो की तिला तो शब्द लागतच नसणार.

…आहे, ऐकतोय… नाही. नाही आलं पाणी. कोरडंच आहे अजून.

रविवारी?… ये. सगळ्यांना घेऊन ये. मला तिचे सगळे शब्द येत नाहीत, तुम्हीच सांगा… मल्लाप्पा सोडेल, मी बोलतो त्याच्याशी… आणि जिन्यानं या हं. उभापाळणा बंद आहे अजून… हो. ठेवतो.