कोवळ्या आंब्याचं पाणी

सकाळी कॉफी घेऊन गेले तर हे खुर्चीत ताठ बसलेले, ओठ निळे, श्वासाला घशात बुडबुडे फुटल्यासारखा आवाज, आणि मला म्हणाले सरू, आडवं झालं की बुडतोय गं. आणि बुडवलं होतं मी, काय सांगू तुम्हाला, ह्याच हातांनी.

मी तंजावरची, शाळा पाचवीपर्यंत, लग्न होऊन चेन्नईत वेस्ट मांबलमला आले ती इथेच. आमचे हे अंबत्तूरला कारखान्यात फिटर होते. त्या सकाळच्या आधी बारा दिवस त्यांना हार्ट अटॅक आला होता, डॉक्टरांनी बुजलेली नळी उघडली आणि तिसऱ्या दिवशी हे नर्सला तमिळमधून चिडवायला लागले, मी म्हटलं झाले बरे. तेव्हा ती डॉक्टरीण, पोरीच्या वयाची, कागद घेऊन आली. म्हणाली मामी, छातीतलं दुखणं गेलं, पण हृदयावर ताण आला की रक्तात एक पदार्थ वाढतो, तो ह्यांचा फार वाढलाय, हृदय पुढे थकेल असं दिसतंय, मीठ कमी करा, पाणी मोजून द्या, रोज वजन बघा. मी म्हटलं अगं माणूस समोर हसतोय आणि तू कागद बघून त्याला आजारी ठरवतेस? हे म्हणाले डॉक्टर, सोडा, हिनं माझ्या पत्रिकेवरसुद्धा कधी विश्वास ठेवला नाही.

घरी मीठ मी काढलं हो. सांबारात नाही, भाजीत नाही, मिठाची बरणीच वरच्या फळीवर चढवली. मग ह्यांना जेवण जाईना, दहीभाताचं ताट पुढे ढकलायचे. कोवळे आंबे मी दरवर्षी मुरवते, इथे वडू मांगा म्हणतात त्याला. दोन आंबे आणि त्या बरणीतलं पाणी, चमचा चमचा, भातावर घातलं, दोन्ही वेळा. लोणचं ते लोणचं, मीठ ते मीठ, असं माझं डोकं. वजन रोज वाढत होतं, मी म्हटलं जेवण अंगी लागतंय.

त्या सकाळी हॉस्पिटलात नेलं, पुन्हा रक्त काढलं, त्या पदार्थाचा आकडा आणखी वर. ऑक्सिजन लावला, अंगात साठलेलं पाणी निघावं म्हणून लघवी व्हायचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरणीनं विचारलं काय खात होते, मी म्हटलं अळणी दहीभात. आमचा मुलगा मागे उभा होता, तो म्हणाला आणि वडू मांगा, अम्मा. ती म्हणाली मामी, ते मुरवता कशात? मिठात, म्हटलं. ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

लोणच्याची बरणी मी मोरीत ओतली. त्याला चार वर्षं झाली. रोज सकाळी हे वजनाच्या काट्यावर चढतात, मी आकडा कॅलेंडरवर लिहिते. रक्ताचा कागद आला की आधी तो बघते, मग ह्यांचं तोंड. जेवताना रोज मला शिव्या घालतात, अळणी बाई म्हणतात. म्हणू देत. जगलेत हे.