श्वास वीस

वडील — चूक. परत सांग.

लेक — चूक कशी? पुस्तकात हेच आहे. हृदयाची गोळी द्यायच्या आधी नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची. साठच्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही.

वडील — आणि?

लेक — आणि वरच्या सिस्टरला कळवायचं.

वडील — ते 'आणि' गाळलंस म्हणून चूक. गोळी न देणं हे अर्धं काम झालं. परीक्षेत 'आणि'लाच मार्क असतात.

लेक — बरं. आता तुम्ही पडा बघू. बोलता बोलता डोळे मिटतायत तुमचे. परीक्षा उद्या सकाळी आहे, मला अजून अख्खी संध्याकाळ आहे.

वडील — डोळे मिटले तरी कान उघडे आहेत. आता हे सांग, रुग्णाचे श्वास मोजताना त्याला काय सांगायचं?

लेक — काहीच सांगायचं नाही. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. त्याला वाटतं अजून नाडीच चाललीय. आपली नजर त्याच्या छातीवर. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो.

वडील — किती वेळ?

लेक — पूर्ण मिनिट.

वडील — मोठ्या माणसाचे किती असावेत?

लेक — बारा ते वीस.

वडील — तोंडपाठ आहे सगळं. सतरा वर्षं आया म्हणून बेडपॅन धुतलेस, दोनदा नापास झालीस, आता तिसऱ्या वेळेला तू नक्की पास होणार. नर्सचा परवाना मिळणार तुला. म्हणून म्हणतो चिमे, उद्या जाऊ नकोस.

लेक — कुठे?

वडील — परीक्षेला.

लेक — औषधामुळे बरळताय तुम्ही.

वडील — खिडकीतली वही आण. माझी.

लेक — तुमच्या नाडी-तापाची? ती कशाला आता?

वडील — आण म्हटलं ना. सोमवारपासून वाच.

लेक — सोमवार, सकाळी आठ. ताप नाही. नाडी अठ्ठ्याहत्तर. श्वास वीस. मॉर्फिन दिलं.

वडील — बारा वाजता?

लेक — नाडी ऐंशी. श्वास वीस. दिलं.

वडील — चारला?

लेक — बाबा.

वडील — चार वाजता काय लिहिलंय?

लेक — श्वास वीस.

वडील — आज शुक्रवार. पाच दिवस माझी नाडी वरखाली होते, ताप वरखाली होतो, आणि श्वास तेवढे जागचे हलत नाहीत. हा डोक्यावरचा पंखासुद्धा इतका एकसारखा फिरत नाही.

लेक — कुणी दिली तुम्हाला वही?

वडील — काल तू हॉल तिकिटाची झेरॉक्स काढायला गेलीस, तेव्हा शेजारच्या काकूंना म्हटलं, चष्मा द्या आणि ती वही द्या. मी पहिलं पान बघितलं आणि समजलो. सगळ्या वॉर्डांची खोड आहे ही. तापाला थर्मामीटर लागतं, रक्तदाबाला मशीन लागतं, श्वासाला नुसतं एक मिनिट लागतं. तेवढंच कुणाकडे नसतं. मग ठोका वीस. वीस लिहिलं की कुणी विचारत नाही. आया असताना तू हेच बघितलंस आणि हेच शिकलीस.

लेक — तुम्हाला वाटतं मी आळस केला.

वडील — मला वाटतं तू वीस लिहिलंस. आळसाने केलंस की कशाने, ते मी कोण विचारणार. मीही लिहिलेलं आहे.

लेक — तुम्ही? तुम्ही नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालात, तेव्हा निरोपाला मोठे डॉक्टर म्हणाले होते, ब्रदरच्या कागदावर डोळे मिटून सही करावी. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता.

वडील — डोळे मिटूनच करायचे ते सह्या. तू तेव्हा शाळेत होतीस, त्या वर्षीची गोष्ट. दुपारची पाळी. एक शिक्षिका होती, पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. सकाळी मॉर्फिनचं इंजेक्शन झालं होतं. दोन वाजता मला म्हणाली, ब्रदर, झोप आवरत नाही, पण दुखतंय. जीभ जड झाली होती तिची. मी ऐकलं ते. ऐकलं नाही असं नाही. नाडी घेतली, पंधरा सेकंद मोजली आणि चारने गुणली. श्वास वीस लिहिले. इंजेक्शन दिलं आणि खाली चहाला गेलो.

लेक — मग?

वडील — चहा गरम होता म्हणून बसलो थोडा. वर आलो तर ओठ निळे.

लेक — चौकशी नाही झाली?

वडील — झाली ना. सगळ्यांनी कागद बघितला. कागदावर श्वास वीस. कागद अगदी स्वच्छ. हृदय बंद पडलं असं लिहून मोकळे झाले. तिचा नवरा आला, माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, ब्रदर, तुम्ही शेवटपर्यंत तिच्याजवळ बसून होतात, आम्ही विसरणार नाही.

लेक — आणि तुम्ही काय म्हणालात?

वडील — मान हलवली.

लेक — आईला माहीत होतं?

वडील — तिला सांगितलं असतं तर ती त्यांच्या घरी जाऊन सांगून आली असती. म्हणून नाही सांगितलं. आज तुला सांगतोय, कारण उद्या तुझ्या हातात परवाना येईल. आणि परवाना असलेल्या माणसाचं वीस सगळे खरं मानतात.

लेक — बाबा, मी मोजते.

वडील — काय मोजतेस?

लेक — श्वास. रोज, प्रत्येक वेळेला, पूर्ण मिनिट. तुमचं मनगट धरून तुम्हाला पेपरातलं काहीबाही विचारते ना, तेव्हा तुम्ही उत्तर आठवत पडलेले असता आणि मी मोजत असते. सोमवारी चौदा होते. मंगळवारी बारा. बुधवारी अकरा. काल दहा. आज दुपारी बाराला पण दहाच.

वडील — आणि वहीत वीस.

लेक — वहीत वीस.

वडील — का गं?

लेक — दहा लिहिलं की तुमचं ते 'आणि' येतं. कळवायचं. कळवलं की मॉर्फिनने श्वास मंदावले म्हणून औषध रोखणार. औषध चालू व्हायच्या आधीचे आठ दिवस तुम्हाला आठवत नसतील, मला आठवतायत. उशी चावायचात तुम्ही. अभ्र्याला भोकं पडली, ती मी शिवली. रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचा आवाज. मला ते परत ऐकवत नव्हतं. चौदा लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण मग उतार दिसला असता. म्हणून पहिल्यापासून वीस.

वडील — मला वाटलं, मोजतच नाहीस.

लेक — मोजत नसते तर बरं झालं असतं. निदान झोप लागली असती. तुम्ही न मोजता लिहिलंत आणि मी मोजून लिहिलं. यातलं वाईट कुठलं ते तुम्हीच सांगा.

वडील — मला नाही सांगता यायचं. कागदावर तुझं वीस आणि माझं वीस सारखंच दिसतं. किती वाजले?

लेक — चारला पाच कमी.

वडील — वाटलंच. मांडीत सुरू झालंय. हाडातून कुणी करवत फिरवावी तसं.

लेक — हात द्या इकडे.

वडील — आता मला माहीत आहे तू काय मोजणार ते.

लेक — असू दे माहीत. डोळे मिटा आणि दुसरं काहीतरी आठवा. आईची एखादी शिवी आठवा.

(लेक मनगट धरून, घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिट मोजते.)

वडील — झालं?

लेक — झालं.

वडील — किती?

लेक — नऊ.

वडील — डोळ्यांतल्या बाहुल्या बघ.

लेक — बघितल्या. टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत.

वडील — पिशवीत लघवी?

लेक — सकाळपासून बोटभर. तीही काळपट.

वडील — हं. चिमे, इकडे बघ. आजचा एक डोस दे.

लेक — काय म्हणालात?

वडील — एकच. दे, वीस लिही आणि उद्यापासून खरं लिही. मघाशी बोललो ते सगळं खरं होतं, पण मघाशी पाय इतका दुखत नव्हता.

लेक — हे तुम्ही बोलताय?

वडील — दुखणं बोलतंय. पण बाटली तुझ्या हाताशी आहे ना. दे बाळा.

लेक — नाही बाबा.

वडील — हात जोडतो.

लेक — हात खाली करा. तुम्ही हात जोडू नका माझ्यापुढे, मला नाही सहन होत. थांबा, फोन लावते. हॅलो, डॉक्टर? ब्रदरची मुलगी बोलतेय. श्वास नऊ आहेत. हो, पूर्ण मिनिट मोजले. जागे आहेत, नीट बोलतायत, पण मधेच डोळे मिटतात. बाहुल्या बारीक. लघवी जवळजवळ नाही. नाही, चारचं औषध दिलेलं नाही. काल? काल दहा होते. परवा अकरा. हो, माहीत होतं. वहीत वीस लिहिलंय. मीच लिहिलं. नाही, दुसरं कुणी नाही, मीच. हो. कळतंय मला. हो, वाट बघते.

वडील — काय म्हणाले?

लेक — मूत्रपिंडं थकलीत, त्यामुळे औषध बाहेर न पडता अंगात साठतंय. आज मॉर्फिन बंद. तुम्हाला झोपू द्यायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजायचे, आठच्या खाली गेले तर लगेच रुग्णवाहिका. सहा वाजता ते स्वतः येतायत, दुसरं औषध घेऊन.

वडील — अजून काय म्हणाले?

लेक — काही नाही.

वडील — चिमे.

लेक — म्हणाले, परवा अकरा झाले तेव्हाच कळवलं असतं तर तेव्हाच कमी करून बदललं असतं. आज असं एकदम बंद करायची पाळी आली नसती.

वडील — म्हणजे हे पुढचे दोन तास...

लेक — माझ्यामुळे.

वडील — हो. तुझ्यामुळे. तुला बरं वाटावं म्हणून मी 'नाही' म्हणणार नाही. मला तेव्हा कुणी असं तोंडावर बोललं असतं तर मी निरोपाचा हार घालून घेतला नसता.

लेक — म्हणून तर मी उद्या जात नाही.

वडील — हॉल तिकीट कुठंय?

लेक — पर्समध्ये. पण तुम्हीच म्हणालात जाऊ नकोस.

वडील — मघाशी म्हणालो. तेव्हा फोन झाला नव्हता. मी हात जोडले, तरी तू लावलास. मला त्या दुपारी साधं चहा सोडून वेळेत वर चढून जाता आलं नाही. आई गं.

लेक — पाय हलवू नका. ही उशी घेते खाली. आणि मी गेले तर तुमच्याजवळ कोण?

वडील — शेजारच्या काकू. घड्याळ दे त्यांच्या हातात. मोजता येतं त्यांना. मिनिटभर गप्प बसायला शिकव फक्त, ते अवघड आहे.

लेक — हसवू नका, मला रडू येतंय.

वडील — रड, पण वही घे. पाच दिवसांची सगळी विसं दुरुस्त कर. कशी करशील?

लेक — खोडायचं नाही, पांढरं फासायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरा आकडा, आजची तारीख आणि सही.

वडील — सही पूर्ण. आद्याक्षरं नकोत. मला झोप येतेय गं.

लेक — झोपायचं नाही. बाबा, डोळे उघडा. मी प्रश्न विचारते, तुम्ही उत्तर द्या. रुग्णाला वेदना आहेत, औषध रोखलंय, डॉक्टर यायला दोन तास आहेत. नर्स काय करेल?

वडील — पर्याय सांग.

लेक — पर्याय नाहीत.

वडील — पायाखाली उशी.

लेक — केलं.

वडील — पडदा ओढ. ओठ ओले कर. कूस बदलून बघ, पण हळू.

लेक — करते. आणि?

वडील — आणि...

लेक — 'आणि'ला मार्क असतात.

वडील — आणि जवळ बसायचं. चहाला जायचं नाही.

लेक — बसलेय. ऐका, आजचं वाचते. शुक्रवार, चार वाजता. नाडी चौऱ्याहत्तर. श्वास नऊ. औषध दिलं नाही. डॉक्टरांना कळवलं. जवळ बसले.

वडील — जवळ बसल्याचं वहीत लिहीत नाहीत गं.

लेक — मी लिहिलंय. सव्वाचार झाले, हात द्या.