सकाळी काय खाल्लं?

चहा येतोय तोवर एक सांगतो. रेडिओवर मी गप्पांचा कार्यक्रम करायचो तेव्हाचं. आज दातांची निगा, उद्या शेळीपालन, विषयाला काही धरबंधच नव्हता. रेकॉर्डिंगआधी आवाज किती येतोय ते बघायला आम्ही प्रत्येक पाहुण्याला एकच विचारायचो, "सकाळी काय खाल्लं?" उत्तर कोण ऐकतंय! सगळ्यांचं लक्ष मशीनच्या काट्याकडं.

एकदा आजऱ्याचे काजूवाले आप्पा आले. विचारलं, तर म्हणाले, "शिळी भाकरी आन् चटणी. आमची मंडळी गेल्यापास्नं चूल एकदाच पेटवतो. काल आमटी केलती, खारट झाली. पर नावं ठेवायला बी घरात कोण न्हाय."

"बास, आप्पा! आवाज मिळाला," मी खेकसलो. "आता काजूवर बोला."

काजूवर आप्पा "व्हय" आणि "न्हाय" यापलीकडं गेलेच नाहीत. कार्यक्रम कसाबसा उरकला. जाताना दारात थांबले.

"सायेब, परत बोलवा की. विषय कुठलाबी चालंल."

"अहो, पण तुम्ही बोलतच नाही!"

"ते पयलं इचारलासा न्हवं? तेवढं इचारायला तरी बोलवा."