जीन आहे, पण बंद आहे!

...अहो, पण आइस्क्रीमवाल्यालाच आइस्क्रीम पचू नये? तुम्हाला सांगतो, पातेलं खरवडून खात लहानाचा मोठा झालो, दुकानही त्याचंच थाटलं, आणि ऐन चाळिशीत हे! एका मोठ्या हॉटेलचा मॅनेजर समोर बसलाय, वर्षभराची ऑर्डर द्यावी की नाही ते ठरवतोय, मी वाटीभर चाखून ‘अहाहा’ म्हणतोय, आणि पोटात असा गडगडाट, की त्यानं चमचाच खाली ठेवला! ‘आलोच’ म्हणून जो पळालो... परत येतो तर खुर्ची रिकामी. जाताना माझ्या बायकोला म्हणाला म्हणे, “मालकाची ही गत, तर आमच्या पाहुण्यांचं काय?”

गेलो डॉक्टरीणबाईंकडे. म्हणाल्या, “दूध पचवणारा रस आतड्यात पुरेसा तयार होत नाही.” म्हटलं, “म्हणजे त्याचा जीन हरवला?” “छे! जीन आहे, पण बंद आहे.”

बंद? कोणी केला? मला विचारलंत?

“अहो, तो तुमच्या डोळ्यातही आहे, कातडीतही आहे. सगळे जीन जवळपास प्रत्येक पेशीत असतात, पेशी कामापुरतेच चालू ठेवते. हा आतड्यात लहानपणी चालतो, मोठेपणी बहुतेकांचा मंदावतो.” म्हटलं, “बटण दाखवा, दाबतो!” तर म्हणतात, “ते शेजारच्या जीनच्या आत आहे.” घ्या! दिवा माझ्या घरात, बटण शेजाऱ्याच्या भिंतीत!

“मग आमचे वडील? सत्तरी उलटली, रोज तांब्याभर दूध रिचवतात!” “त्यांच्या बटणात एका अक्षराचा फरक असेल, म्हणून चालूच राहिलं. त्यांच्याकडे दोन प्रती, एक फरकाची, एक साधी; तुमच्या वाट्याला नेमकी साधी आली, आईकडूनही तशीच.”

घरी येऊन वडिलांवर उखडलो. ते शांतपणे मिशीवरची साय पुसत म्हणाले, “मी काय निवडून दिली होय रे? जीन आहे ना तुझ्याकडे? मग बंद तर बंद!”

शेवटी बायकोनं मॅनेजरला हातापाया पडून पुन्हा बोलावलं, आणि चाखायला बसवलं वडिलांना. त्यांनी एक वाटी संपवली, दुसरी संपवली, तिसरी मागितली... मॅनेजरनं जागच्या जागी ऑर्डर दिली!

तेव्हापासून रोजचं चाखणं त्यांच्याकडे. मी काय करतो? समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघतो, साखर कमी की जास्त ते ओळखायला... आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावर आजवर कधी काही उमटलेलं नाही!