पंचेचाळीस मिनिटं

सून : बसा आई. अजून एकेचाळीस मिनिटं आहेत.

सासू : बसू कशी? खोक्यात कोंबलंयस मला. आता वरून चिकटपट्टी लाव, पत्ता घाल आणि दे धाडून.

सून : खोकं नाही, आडोसा आहे. समोरच्यांच्या फ्रीजचा पुठ्ठा मागून आणला. तीन बाजूंनी भिंत झाली, नजर इकडेतिकडे जायला नको. टेबल म्हणून इस्त्रीची फळी, खाली दोन बादल्या पालथ्या. दमडी खर्च केली नाही.

सासू : दिसतंय. घोड्याला झापड लावतात तशी सोय केलीस सासूची.

सून : झापड लावली की घोडा सरळ तरी चालतो. वाचा. सातवा प्रश्न.

सासू : 'कच्चे व... शिजवलेले अन्न... एकाच फळीवर... का ठेवू नये?' का म्हणजे? ठेवलं तर हात मोडीन ठेवणाऱ्याचा.

सून : हात मोडणं पर्यायांत नाहीये. चार दिलेत, त्यातल्या एकापुढे खूण करायची.

सासू : बावीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये चारशे माणसांचं रांधतेय मी. एकाचं पोट दुखलं नाही. आणि हे काल मिसरूड फुटलेले साहेब मला विचारणार फळीवर काय ठेवायचं! उंटावरून शेळ्या हाकतात मेले.

सून : हाकू देत. पण परवा सकाळी अकराला त्यांच्यासमोर परीक्षेला बसायचंय. मागच्या खेपेला तिसातले अकरा आले तुमचे. वीस लागतात. यानंतर पुन्हा बसू देणार नाहीत, तसं लेखी दिलंय त्यांनी.

सासू : ठाऊक आहे. डोक्यात हातोडा नको मारूस सारखा.

सून : मारणार. मुख्य आचारीण राहिला नाहीत, तर ही कारखान्याची खोलीही राहात नाही आपल्याकडे. बाबा सहा वर्षं अंथरुणावर. तुमचे चिरंजीव बोटीवर, आणखी चार महिने तरी जमिनीला पाय लावत नाहीत. अंथरुणासकट माणूस उचलून कुठे जायचं आपण दोघींनी?

सासू : ... आठवा प्रश्न कुठला? हा? चष्मा धुरकटलाय.

सून : दुसरा चष्मा डावीकडे. रुमाल त्याच्याखाली. पेन्सिली दोन, टोक करून. आता कुठे निघालात?

सासू : दुधाखालचा गॅस...

सून : बंद आहे. दूध सकाळीच तापवलं.

सासू : मग नळ टपकतोय.

सून : खाली फडकं ठेवलंय, आवाजही येत नाही.

सासू : अगं बाई, तहान लागलीय मला! पाणी प्यायची तरी मुभा आहे का तुझ्या राज्यात?

सून : तांब्या फळीखाली, उजव्या हाताला. आई, मी स्वयंपाक पहाटे उरकला. फोन शेजारी नेऊन ठेवला. शेजारच्या काकूंना कुकर तीननंतर लावा म्हणून हात जोडले. आता उठायला काहीसुद्धा शिल्लक ठेवलेलं नाही मी. कापसाचे बोळे घाला कानात आणि वाचा.

सासू : बोळे नकोत.

सून : बोळ्यांनीच लक्ष लागेल.

सासू : नकोत म्हटलं ना!

(आतल्या खोलीतून खोकला. एकदाच. सासूच्या हातून पेन्सिल पडते.)

सून : बसा. नुसता खोकला आहे तो. मी ओळखते.

सासू : तू ओळखतेस होय? सोड हात.

सून : नाही सोडत. बसा आधी. हे बघा. या कागदावर रेघा ओढल्यात मी. तीन दिवसांत एकोणीस वेळा उठलात. एकदाही पाच मिनिटांच्या पुढे गेला नाहीत.

सासू : पाळत ठेवतेस माझ्यावर? माझ्याच घरात?

सून : ठेवली. आणि एक दिसलं. उठायच्या आधी तुमची मान डावीकडे कलते. दर वेळी. कान बाबांच्या खोलीकडे जातो. मग दूध आठवतं, मग नळ आठवतो. दूध आणि नळ नुसते सांगायला.

सासू : आता मानेचाही हिशोब ठेव.

सून : त्या परीक्षेच्या खोलीत काय झालं होतं आई? तुम्ही सांगितलंच नाहीत. आलात आणि भांडी घासायला बसलात.

सासू : व्हायचंय काय? मठ्ठ डोकं माझं. चौथीत शाळा सुटली, ते चौथीतच राहिलं.

सून : मठ्ठ माणूस चारशे जणांचं मीठ डोळ्यांनी मोजत नाही. उत्तरं येतात तुम्हाला. मी चुलीपाशी विचारलं, तेव्हा तीसच्या तीस आली. बसलात की जातात. का जातात?

सासू : ... फार शांत होतं गं तिथं.

सून : मग बरंच की.

सासू : बरं कसलं. पंखासुद्धा वाजत नव्हता. अक्षरं दिसत होती, एकेक दिसत होतं, पण जुळेना. मनात एकच, ह्यांचा श्वास कुठाय? ऐकू येत नाही, म्हणजे थांबला. वेडेपणा आहे, कळतंय मला. तीन मैलांवरून कुणाचा श्वास ऐकू येतो? तरी कान ताणून बसले. त्यांनी कागद ओढून घेतला तेव्हा कळलं वेळ संपला.

सून : आणि मी इथे पुठ्ठे लावून आणखी शांतता करतेय.

सासू : तू जेवढी शांतता करतेस, तेवढा माझा जीव कासावीस होतो.

सून : पण कामावर आठ आठ तास असता की.

सासू : तिथं हात चालतात. हात चालू असले की कान गप्प बसतो. या सहा वर्षांत मी बसले ती फक्त त्यांच्या उशाशी. बूड टेकलं की कान उभे राहतात, कुत्र्यासारखे.

सून : मी असते ना त्यांच्याजवळ.

सासू : असतेस.

सून : पण भरवसा नाही. कामावर जाता ते नाइलाज म्हणून. कळतं मला. दोन वर्षांपूर्वी माझा डोळा लागला आणि त्यांना ठसका बसला. जागी झाले तेव्हा तोंड काळंनिळं. दोन शब्द बोलायचे तेही त्या दिवसापासून गेले. मी नाही म्हणाले का कधी? मान खाली घालून ऐकलं सगळं. पण परवाचा एक दिवस, आई. पाया पडते तुमच्या. तेवढा एक दिवस धरा माझा भरवसा.

सासू : पाया नको पडूस.

सून : मग काय करू? सांगा, काय करू म्हणजे तुम्ही बसाल?

सासू : उठ. उठ म्हणते ना. तुझा डोळा लागला म्हणून नाही झालं ते.

सून : म्हणजे?

सासू : त्या दिवशी कामावर निघताना पाणी मी पाजलं होतं. तू सांगत असायचीस, उशा लावा, बसते करा, मगच पाजा. मला उशीर होत होता. होते तसे आडवेच ठेवले, अर्धा पेला ओतला आणि पळाले. जिन्यात होते तेव्हा ठसका ऐकला मी.

सून : ऐकलात?

सासू : ऐकला. म्हटलं, ती आहे, बघेल ती. आणि उतरले खाली. माघारी वळले असते तर चार पायऱ्या होत्या. तेव्हापासून कान त्या जिन्यातच राहिलाय माझा.

सून : माझ्या आईसमोर म्हणालात तुम्ही. 'हिच्या हाती माणूस दिलं आणि हिनं झोप काढली.'

सासू : म्हणाले.

सून : तुमचा मुलगा वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही.

सासू : बघत होते.

सून : बघत होता आणि गप्प होता.

सासू : चारशे माणसांवर हुकूम सोडणारं तोंड माझं. एवढ्याला उघडेना. आज सांगू, उद्या सांगू. पुढं पुढं तर मलाच खरं वाटायला लागलं की तूच झोपलीस. बोल गं काहीतरी. शिव्या दे.

सून : देणार आहे. परवा दुपारी. माझ्या आईला फोन करायचा, मुलाला करायचा, माझ्यासमोर उभं राहून. आज नाही. आज पंचेचाळीस मिनिटं आहेत आणि त्यात रडायला जागा नाही. सरका, पुठ्ठा काढते.

सासू : का?

सून : परवा तिथे पुठ्ठा नाही, काकूंचा कुकर नाही, काही नाही. नुसती शांतता आहे. ती सोसायची सवय करा. मी आत बाबांजवळ बसते, छातीवर हात ठेवून. खोकला आला तर मी बघेन. ठसका बसला तरी मी बघेन. तुम्ही उठायचं नाही.

सासू : पाठीला दोन उशा...

सून : मला सांगता? मीच सांगत होते ते तुम्हाला.

सासू : ... हो. तूच सांगत होतीस.

सून : घड्याळ समोर ठेवलंय. पहिल्या प्रश्नापासून. पेन्सिल घ्या हातात. आणि आतलं दार ओढून घेतेय मी.

सासू : दार? अगं, सहा वर्षांत लागलं नाहीये ते.

सून : म्हणूनच. ओढू?

सासू : ओढ. कडी मात्र लावू नकोस.